पाच मीटरांवरचा रंग

सकाळी साडेसहाला हिंजवडीहून नाहीतर ठाण्याहून मिनीबस सुटते. वाटेत मिसळ होते, मागच्या बाकावर अंताक्षरी रंगते आणि नऊच्या सुमारास लोणावळा, मुळशी किंवा कर्जतकडच्या एखाद्या माळावर बस थांबते. उतरणारे वीस-बावीस जण एकाच ऑफिसातले. कुणी टेस्टिंगचं काम करतं, कुणी अकाउंट्स बघतं, एक जण मागच्याच आठवड्यात रुजू झालेला. समोर पत्र्याची उंच शेड, तिला चारी बाजूंनी बारीक जाळी. आत प्लायवूडच्या भिंती, पल्ले नसलेल्या दारांच्या चौकटी, लोखंडी पिंपं, एकावर एक रचलेले ट्रकचे टायर आणि या सगळ्यावर सुकलेले पिवळे-केशरी ओघळ. कबड्डीची तीन-चार क्रीडांगणं मावतील एवढीच जागा. आत कुठेही उभं राहिलं तरी समोरचा आडोसा दहा-पंधरा पावलांच्या पलीकडे नसतो.

पेंटबॉल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे झाडी येते, झुडपांमागून सरपटणारी माणसं येतात. शेडमधला हा प्रकार त्याच खेळाची छोटी आवृत्ती वाटतो. खेळणारे त्याला ‘क्लोज क्वार्टर’ म्हणतात. मराठीत हातघाईच्या अंतरावरचा खेळ म्हणता येईल. पण अंतर आखडलं की नुसती जागा कमी होत नाही. गोळीचा वेग किती ठेवायचा, कोपरा कसा ओलांडायचा, कुणी काय ओरडून सांगायचं, समोरच्यावर कधी चाप ओढायचाच नाही, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं. या खेळाची खरी गंमत आणि खरी जबाबदारी त्या आखडलेल्या अंतरात आहे.

आधी गोळीचा हिशोब पाहू. नेहमीच्या पेंटबॉलचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे १७ मिलिमीटरांहून थोडा जास्त. वजन साधारण ३ ग्रॅम. मोकळ्या मैदानावर तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांपुढे जाऊ द्यायचा नाही, हा सर्वत्र मानला जाणारा दंडक. ताशी हिशोब केला तर हे सुमारे ३३० किलोमीटर होतात. पण गोळी हलकी आणि गोलमटोल असल्याने हवा तिला जबरदस्त अडवते. ३० मीटर जाईपर्यंत तिचा जवळजवळ निम्मा वेग गळून जातो. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती तर पावपट उरते. म्हणूनच लांबून आलेली गोळी कधीकधी अंगावर आपटून न फुटताच खाली पडते, आणि नियमाप्रमाणे न फुटलेल्या गोळीने कुणी बाद होत नाही. पाच मीटरांवर मात्र वेग जेमतेम दहावा हिस्सा घटलेला असतो. गोळी फुटते आणि लागतेही.

वेळेचा हिशोब तर त्याहून बोलका आहे. डोळ्यांना काही दिसलं आणि शरीर हललं, यात माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तीस मीटरांवरून सुटलेली गोळी पोहोचायला जवळजवळ अर्धा सेकंद घेते, त्यामुळे सावध खेळाडू ती येताना पाहून खाली वाकू शकतो. पाच मीटरांवरून ती सेकंदाच्या सहा-सात शतांशांत येते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. शेडमध्ये गोळी चुकवणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. गोळी सुटण्याआधी आपण कुठे उभे आहोत, एवढंच आपल्या हातात राहतं.

म्हणूनच बंदिस्त मैदानांवर वेगमर्यादा आणखी खाली, २५० ते २८० फुटांच्या दरम्यान आणतात. तीनशेवरून अडीचशेवर येणं कागदावर किरकोळ दिसतं, पण त्याने गोळीची ऊर्जा साडेबारा ज्यूलवरून पावणेनऊपर्यंत उतरते. गल्ली क्रिकेट खेळलेल्यांना हे वेगळ्या भाषेत सांगता येईल. ताशी साठेक किलोमीटरने आलेल्या टेनिस बॉलमध्ये इतकीच ऊर्जा असते. फरक एवढाच की पेंटबॉल ती ऊर्जा नाण्याएवढ्या जागेवर सोडते. त्यामुळे लाल गोल वळ उठतो आणि दोन-चार दिवस राहतो. पूर्ण बाह्यांचा जाडसर शर्ट, मानेभोवती रुमाल आणि हातमोजे एवढ्याने त्यातलं बरंचसं टळतं.

ही गोळी मुळात माणसांसाठी नव्हतीच. ती होती झाडांसाठी. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आयर्न माउंटन नावाचं गाव आहे. तिथली नेल्सन पेंट कंपनी जंगलखात्यांना आणि लाकूडतोड कंपन्यांना झाडांवर खुणा करायचा रंग पुरवत असे. कोणतं झाड तोडायचं आणि कोणतं राखायचं, हे खोडावर रंगाने दाखवायचं. पण झाड ओढ्यापलीकडे किंवा दाट काटेरी झुडपात असेल तर तिथवर जायचं कसं? लांबून रंग फेकणारं पिस्तूल हवं होतं. १९६० च्या दशकात हवेच्या बंदुका बनवणाऱ्या क्रॉसमन कंपनीच्या साथीने एक प्रयत्न झाला, तो फारसा चालला नाही. मग डेझी कंपनीने बनवलेलं ‘नेलस्पॉट ००७’ आलं आणि ते टिकलं. वनरक्षक त्याने झाडं रंगवू लागले, गुरं पाळणारे कळपातल्या जनावरांवर खुणा करू लागले. आजही खेळाडू हातातल्या यंत्राला बंदूक न म्हणता ‘मार्कर’ म्हणतात. त्या शब्दात हा सगळा इतिहास आहे.

आणि गोळी? ती आली औषधांच्या कारखान्यातून. डेट्रॉइटच्या रॉबर्ट पॉली शेरर यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मऊ कॅप्सूल बनवण्याचं फिरतं यंत्र तयार केलं होतं. जिलेटिनच्या दोन ओल्या पट्ट्या दोन रुळांमधून एकमेकींना भेटतात, रुळांवरच्या खळग्यांत अर्ध्या-अर्ध्या वाट्या तयार होतात आणि कडा चिकटता चिकटताच आत द्रव सोडला जातो. कॉड लिव्हर ऑइलची गोळी, व्हिटॅमिन ई ची हिरवी मऊ कॅप्सूल आणि पेंटबॉल ही तिन्ही याच तंत्राची भावंडं. शेररच्याच कंपनीने नेल्सनसाठी रंगाच्या गोळ्या भरून दिल्या. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात. शाकाहार कटाक्षाने पाळणाऱ्यांना हे आधी माहीत असलेलं बरं, कारण गोळी कधीकधी मास्कवर फुटते आणि शिंतोडे ओठांपर्यंत येतात.

झाडांसाठीचा रंग माणसांवर उडाला तो एका वादातून. हेझ नोएल हे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातले दलाल आणि चार्ल्स गेन्स हे न्यू हॅम्पशायरच्या निसर्गात रमणारे लेखक. शरीरसौष्ठवपटूंच्या जगावरचं ‘पंपिंग आयर्न’ हे गाजलेलं पुस्तक गेन्स यांचंच. दोघा मित्रांचा वाद असा, की शहराच्या धकाधकीत तरलेला माणूस जंगलात टिकेल का, की तिथे जंगल जाणणाराच जिंकेल? नेलस्पॉट हाती लागल्यावर त्यांना वाद निकालात काढायचा मार्ग सापडला. तिसरे साथीदार बॉब गर्न्सी. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथे बारा जण जंगलात उतरले. प्रत्येकाकडे एक मार्कर, गॉगल, नकाशा. चार ठिकाणी झेंडे ठेवलेले. चारही ठिकाणचा एकेक झेंडा घेऊन, रंग न लागता बाहेर पडायचं.

जिंकले रिची व्हाइट. ते व्यवसायाने वनरक्षक होते. ते शांतपणे झाडीतून फिरले, चारही झेंडे गोळा केले आणि बाहेर आले. दिवसभरात त्यांनी एकही गोळी झाडली नाही.

ही गोष्ट प्रत्येक नवख्या संघाला खेळाआधी सांगायला हवी. पहिल्या डावात हमखास दिसतं ते उलटं: घोषणा झाली की निम्मे लोक समोर दिसेल त्यावर गोळ्यांचा पाऊस पाडतात आणि दोन मिनिटांत त्यांचा हॉपर, म्हणजे मार्करवरचा गोळ्यांचा डबा, रिकामा होतो. कोपऱ्यात गप्प बसलेली, सकाळपासून ‘मला नाही हं जमणार’ म्हणणारी सहकारी मात्र शेवटपर्यंत टिकते.

हेनिकरच्या त्या बाराजणांत एक पत्रकारही होते. त्यांनी ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’मध्ये लेख लिहिला, ठिकठिकाणाहून विचारणा आली आणि तिघा मित्रांनी ‘नॅशनल सर्व्हायव्हल गेम’ नावाने हा खेळ विकायला काढला. सुरुवातीच्या गोळ्यांत झाडांचाच तेलकट रंग होता, तो टर्पेंटाइनने घासून काढावा लागे. पाण्याने धुऊन जाणारा रंग आला तेव्हाच हा खेळ घराघरातल्या माणसांना परवडण्याजोगा झाला. इथे परवडणं पैशांचं म्हणायचं नाही, कपड्यांचं आणि घरच्यांच्या बोलण्याचं.

जंगलातून शेडमध्ये यायला फार वेळ लागला नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बफेलोसारख्या बर्फाच्या शहरात छपराखालचं मैदान उभं राहिलं होतं. १९९६ मध्ये फ्रान्सच्या लोराँ आमे यांनी हवेने फुगवलेले आडोसे आणले. मोकळ्या हिरवळीवर मांडलेले हे रंगीबेरंगी फुगे, दोन्ही बाजूंना सारखेच, प्रेक्षकांना सगळा खेळ दिसेल असे. स्पर्धात्मक पेंटबॉल आज मुख्यतः असाच खेळला जातो. छोट्या मैदानामुळे हा खेळ बघण्याजोगा झाला. झाडीत चाललेली लपाछपी प्रेक्षकाला कुठून दिसणार?

जवळून एकमेकांवर नेम धरण्याचा खेळ मात्र त्याहून बराच जुना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये डॉ. पॉल देव्हिये यांनी मेणाच्या गोळ्या तयार केल्या आणि तोंडावर मुखवटा, अंगावर जाड झगा घालून पिस्तुलाची द्वंद्वं खेळली जाऊ लागली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी त्याचं प्रात्यक्षिकही झालं. मुखवटा, संरक्षक कपडे आणि जीव न घेणारी गोळी ही तिन्ही सूत्रं तेव्हाच ठरली होती.

दुसरा धागा पोलिसी प्रशिक्षणाचा आहे. शांघायच्या पोलीस दलात काम केलेल्या विल्यम फेअरबर्न यांच्या लक्षात आलं होतं की खऱ्या चकमकी लांबून होत नाहीत. त्या अरुंद जिन्यात, अंधाऱ्या खोलीत, काही पावलांवर होतात. त्यांनी सरावासाठी पुढे काय येईल याचा पत्ता न लागणाऱ्या खोल्या बांधल्या. आज जगभरच्या विशेष दलांची अशी सरावघरं असतात. मुंबईकराला याची वेगळी ओळख द्यावी लागत नाही. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात ताज हॉटेलच्या मजल्यांवरून आणि नरिमन हाऊसच्या जिन्यांवरून एनएसजीचे जवान एकेक खोली मोकळी करत गेले, ते या शहराने दिवसरात्र पाहिलं. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंह त्यात शहीद झाले. शनिवारचा खेळ त्या कामाच्या जवळपासही जात नाही. पण प्लायवूडच्या कोपऱ्यापाशी पाच सेकंद उभं राहिलं की पलीकडे काय आहे हे न कळण्याचं ओझं किती असतं, याचा पुसटसा अंदाज येतो आणि त्या माणसांबद्दलचा आदर वाढतो.

शेडमध्ये शिरण्याआधी एक छोटा विधी असतो, त्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. मार्शल, म्हणजे मैदानावरचा पंच, प्रत्येक मार्करमधून तीन-चार गोळ्या वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोर झाडतो आणि आकडा वाचतो. जास्त निघाला तर पाना घेऊन स्प्रिंगचा ताण कमी करतो, पुन्हा मोजतो. मैदान चांगलं की वाईट, हे ओळखायची सर्वांत खात्रीची जागा हीच. आपल्याकडे तर या मोजमापाला दुप्पट महत्त्व आहे आणि त्याचं कारण आपलं हवामान.

भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच मार्करांत कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर असतं. आत द्रव आणि वर त्याची वाफ. नेहमीच्या तापमानाला हा दाब वातावरणाच्या साठेकपट असतो. घोडा ओढला की हातोडी झडपेवर आपटते, वाफेचा एक झोत नळीत जातो आणि गोळी सुटते. पण कार्बन डायऑक्साइडचं एक वैशिष्ट्य आहे. ३१ अंश सेल्सिअसच्या वर तो द्रवरूपात राहूच शकत नाही, मग दाब कितीही असो. विदर्भ-मराठवाडा सोडाच, एप्रिलमध्ये कर्जतला सकाळी अकरा वाजताच पारा त्यापुढे गेलेला असतो. उन्हात ठेवलेल्या सिलिंडरातला दाब झपाट्याने चढतो आणि सकाळी २६० फुटांवर लावलेला मार्कर दुपारी त्याहून बराच जास्त वेग देऊ लागतो. उलट, सलग झाडत राहिलं तर द्रवाची वाफ होताना सिलिंडर गार पडतं, त्यावर दव धरतं आणि गोळ्या अर्ध्या वाटेत मान टाकतात. दाबाखालची साधी हवा आणि नियंत्रक वापरणाऱ्या मार्करांत हा लहरीपणा जवळजवळ नसतो. कार्बन डायऑक्साइड असेल तर जेवणानंतर वेग पुन्हा मोजायला सांगणं हा खेळाडूचा हक्क आहे आणि तो बजावायला संकोच वाटू नये. भरलेली टाकी मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नये. जादा दाबाने फुटून वायू सोडणारी चकती टाकीला असते, पण तिच्यावर तशी वेळ आणायचीच कशाला?

पावसाळ्याची अडचण वेगळी. जिलेटिन हवेतला दमटपणा शोषून घेतं. जुलैत पिशवी उघडी राहिली तर गोळ्या फुगतात, मऊ पडतात, नळीतच फुटतात किंवा वाकडी वाट धरतात. हिवाळ्याच्या कडाक्यात त्याच गोळ्या ठिसूळ आणि कडक होतात. पापड जसे हवाबंद डब्यात ठेवतो, तशाच याही ठेवाव्या लागतात.

मास्कबद्दल मात्र सविस्तरच लिहायला हवं. डोळ्याभोवतीची हाडाची खोबण निसर्गाने मोठ्या वस्तूंसाठी केलेली आहे. क्रिकेटचा चेंडू किंवा मूठ आली तर पहिला आघात कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर होतो. पेंटबॉल जेमतेम सतरा मिलिमीटरांचा. तो हाडांना न शिवता थेट बुबुळावर जाऊ शकतो. रक्तस्राव, दृष्टिपटल सुटणं, कायमचं अंधत्व, या सगळ्याची नोंद नेत्रतज्ज्ञांनी करून ठेवली आहे. त्यातल्या बहुतेक दुखापती मास्क न घातलेल्या किंवा मध्येच काढलेल्या माणसांच्या आहेत. म्हणजे हा धोका जवळजवळ पूर्ण टाळता येण्यासारखा आहे.

आता अडचण अशी, की मास्कवर वाफ धरते. पळून दमलेला माणूस, पत्र्याखालची ऊब, कोकणी दमट हवा. काच धूसर झाली की हात आपोआप हनुवटीकडे जातो. त्याच क्षणासाठी मार्शलचा एकच मंत्र असतो: ‘सर, मास्कला हात नाही! दिसत नसेल तर खाली बसा, हात वर करा, मी येतो.’ तो येतो, सगळ्यांना थांबवतो आणि खेळाडूला जाळीबाहेर नेतो, मगच मास्क निघतो. दुहेरी काचेचे मास्क वाफ कमी धरतात. दोन थरांमध्ये कोंडलेली हवा बाहेरचा गारवा आतल्या काचेपर्यंत पोहोचू देत नाही. भाड्याच्या मास्कची काच ओरखड्यांनी भरलेली किंवा तडकलेली असेल तर दुसरा मागून घ्यावा. साधा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल इथे कामाचा नाही. आणि खेळ चालू नसेल तेव्हा नळीच्या तोंडावर कापडी आवरण हवंच, चहाच्या टेबलापाशीसुद्धा.

आता कोपऱ्यांकडे येऊ, कारण या मैदानात तेच मुख्य पात्र आहे. नवखा माणूस भिंतीला पाठ चिकटवून कोपऱ्यापर्यंत सरकतो आणि डोकं बाहेर काढतो. सिनेमात तसंच दाखवतात. पण कोपऱ्याला चिकटलेल्या माणसाची नळी आणि कोपर त्याच्या डोळ्यांच्या आधी बाहेर दिसतात. शिवाय एक पाऊल टाकलं की पलीकडचा मोठा भाग एकदम उघडा पडतो, इतका की कुठे बघावं कळत नाही. तेच भिंतीपासून दोन हात मागे राहून कोपऱ्याभोवती कडेकडेने सरकलं तर प्रत्येक पावलाला पलीकडची थोडीथोडी जागा दिसत जाते, कलिंगडाची एकेक फोड कापावी तशी. समोरचा भिंतीला चिकटून बसला असेल तर त्याचा खांदा आपल्याला आधी दिसतो.

ही भूमिती मराठी माणसाने शाळेच्या सहलीत पाहिलेली आहे, फक्त तिच्याकडे या नजरेने पाहिलेलं नसतं. रायगडाचा महादरवाजा खालून सरळ दिसत नाही. दोन बुरुजांच्या कवेत तो गोमुखी पद्धतीने लपवलेला आहे. चढून आलेल्या शत्रूला शेवटच्या वळणावर समोरचं काहीच दिसत नाही आणि तो मात्र वरून पूर्ण दिसतो. तटबंदीतल्या जंग्या पाहा. आतून रुंद, बाहेर अरुंद. आतला माणूस मागे उभा राहून रुंद टप्पा न्याहाळतो आणि बाहेरच्याला दिसते ती केवळ फट. पिंपामागे बसलेल्या खेळाडूने हात-दीड हात मागे सरकून, एका फटीतून पाहणं म्हणजे हीच जंगी.

उजव्या हाताच्या लोकांना आणखी एक गोष्ट लवकर कळते. आडोशाच्या उजव्या बाजूने डोकावताना अंगाचा थोडाच भाग बाहेर येतो, डाव्या बाजूने डोकावताना निम्मं धड. म्हणून मुरलेले खेळाडू मार्कर डाव्या खांद्यालाही लावायला शिकतात. पहिल्या दिवशी ते जमत नाही. निदान आडोसा निवडताना आपली उजवी बाजू मोकळी राहील एवढं पाहता येतं.

कितीही चांगला आडोसा असला तरी तो एकाच दिशेने राखतो. दोन माणसं दोन कोनांतून आली की पिंपामागचा माणूस उघडा पडतो. हातघाईच्या खेळात एकटा नेमबाज फार काळ तग धरत नाही, याचं कारण हेच. आणि दोन कोन जुळवायचे तर बोलावं लागतं. पत्र्याखाली आवाज घुमतो, मास्कमुळे शब्द दबतात, हृदय धडधडत असतं. ‘अरे तिकडे, तिकडे बघ!’ याला काही अर्थ उरत नाही. ‘निळं पिंप, डावीकडे, एक’ एवढे चार-पाच शब्द पुरतात. यासाठी अनुभवी संघ डाव सुरू होण्याआधी मैदानात फेरी मारतात आणि प्रत्येक आडोशाला नाव देतात. टायर, खिडकी, निळं पिंप, मोडकी भिंत. पाच मिनिटांच्या या बारशाने जितका फरक पडतो तितका महागड्या मार्करने पडत नाही.

अंतर कमी म्हणून इथले काही नियमही वेगळे. बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा फुटांच्या आत बेसावध सापडलेल्यावर गोळी न झाडता आधी ‘सरेंडर’ म्हणायचं असतं. समोरच्याने हात वर केला की तो बाद, वळ न उठता. न बघता नुसती नळी कोपऱ्यापलीकडे काढून झाडायला पूर्ण बंदी, कारण पलीकडे मार्शल असेल किंवा मास्क सावरणारा कुणी असेल, हे झाडणाऱ्याला माहीत नसतं. बाद झालेल्याने हात वर करून, ‘हिट’ ओरडत बाहेर पडायचं आणि त्याच्यावर कुणी नेम धरायचा नाही. लहान मुलांसाठी अर्ध्या इंचाच्या हलक्या गोळ्या असतात. त्यांचा मार निम्म्याहून कमी बसतो.

रंग लागला आणि कुणी पाहिलं नाही, तर पुसून पुढे जाता येतं. याला खेळात ‘वायपिंग’ म्हणतात आणि स्पर्धांत त्याची शिक्षा एकट्याला नाही, सगळ्या संघाला भोगावी लागते. शेडमध्ये दोन मार्शल सगळे कोपरे पाहू शकत नाहीत. खेळ चालतो तो माणसांच्या कबुलीवर. मातीतल्या कबड्डीत बोट निसटतं लागलं तरी आपणहून हात वर करणारा गडी गावात वर्षानुवर्षं लक्षात राहत असे. इथेही तसंच होतं. सोमवारी ऑफिसात सर्वाधिक बळी घेणाऱ्याचं कौतुक होतं खरं, पण कुणीच पाहिलं नसताना पाठीवरचा डाग दाखवून बाहेर पडलेल्या टीम लीडवर लोक अधिक विश्वास ठेवू लागतात.

संघ पाडताना कंपन्या एक चूक हमखास करतात: सेल्स विरुद्ध ऑपरेशन्स, पुणे विरुद्ध मुंबई. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मुझफर शेरीफ आणि सहकाऱ्यांनी अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांच्या शिबिरात केलेला प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. मुलांचे दोन गट पाडले आणि चढाओढीचे खेळ ठेवले, तर थोड्याच दिवसांत शिवीगाळ आणि झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. नुसतं एकत्र जेवायला बसवून ते वैर मिटलं नाही. दोन्ही गटांना मिळूनच करावं लागेल असं काम दिलं, तेव्हा ते निवळलं. जे दोन विभाग आठवडाभर एकमेकांच्या ईमेलवर धुसफुसतात त्यांना शनिवारी समोरासमोर उभं करणं म्हणजे आगीत तेल. दर डावाला चिठ्ठ्या टाकून संघ बदलावेत. कालच्या भांडणातला माणूस आज आपली डावी बाजू राखत असेल तर त्याचा वेगळा परिणाम होतो.

आणि डाव संपल्यावर लगेच पुढचा सुरू करू नये. अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकात सरावानंतरच्या चर्चेची एक साधी पद्धत बसवली: काय ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. अधिकाराची उतरंड बाजूला ठेवून प्रत्येकाने बोलायचं. २०१३ मध्ये स्कॉट टॅनेनबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली यांनी अशा चर्चांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या चर्चांमुळे कामगिरी सरासरी २० ते २५ टक्क्यांनी सुधारल्याचं दिसलं. शेडबाहेर लिंबू सरबत पीत केलेली दहा मिनिटांची अशी चर्चा दिवसभरातली सर्वांत मोलाची असते, आणि बहुतेक सहलींत नेमकी तीच फोटोंसाठी कापली जाते. नव्याने रुजू झालेला मुलगा तिथेच पहिल्यांदा बोलतो: ‘मी खिडकीपाशी दोन वेळा ओरडलो, पण कुणी ऐकलं नाही.’ मग पुढच्या डावात ऐकलं जातं.

चारच्या सुमारास नळाखाली रांग लागते. गोळीतला रंग मुख्यतः पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पदार्थात कालवलेला असतो. तो पाण्यात सहज विरघळतो, म्हणून शर्ट एका धुण्यात स्वच्छ होतो. बद्धकोष्ठावर डॉक्टर जी पावडर पाण्यातून घ्यायला सांगतात, तिच्यातही याच कुळातला पदार्थ असतो. तो आतड्यात पाणी धरून ठेवतो. माणसाच्या ओठांवर उडालेल्या दोन थेंबांनी काही होत नाही. कुत्र्यांचं मात्र तसं नाही. जिलेटिनच्या वासाने ती जमिनीवर पडलेल्या गोळ्या मिटक्या मारत खातात. बऱ्याच खाल्ल्या की शरीरातलं पाणी आतड्याकडे ओढलं जातं, रक्तातलं सोडियम चढतं, तोल जातो, झटके येतात आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. माळावरच्या अशा शेडभोवती वाडीतली दोन-चार कुत्री कायम घुटमळत असतात, सकाळी मिसळीच्या पावासाठी बसमागे धावलेली तीच. म्हणून काही मैदानांवर शेवटचा डाव संपल्यावर मार्शल प्रत्येकाच्या हातात एक बादली देतो. ज्या संघांनी सकाळपासून एकमेकांना रंगवलं, ते वाकून, टायरांच्या मागे हात घालून, न फुटलेल्या गोळ्या वेचू लागतात.